सर्टिफिकेट भिंतीवर, मी घरात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३३. बी.फार्म. झाल्या आणि लगेच लग्न झालं. सासरी ‘मेडिकल’ आहे, सासऱ्यांनी २६ वर्षांपूर्वी टाकलेलं. परवान्यावर रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून नाव यांचं आणि सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलेलं. दुकान मात्र सासरे, नवरा आणि कामाला ठेवलेली दोन पोरं चालवतात. या महिन्यातून तीन-चार वेळा, कुणी नसलं की तासभर बसतात. गेल्या काही वर्षांत बीपी-शुगरची ठरलेली गिऱ्हाइकं ॲपकडे वळली. नवऱ्याला आठ लाखांचं कर्ज काढून दुकान ‘हायटेक’ करायचं आहे. सासरे म्हणतात, माझी वही पुरेशी आहे. पोरं डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर चिठ्ठीचा फोटो काढून फोनमधल्या एआयला विचारतात. यांना पुण्यात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळू शकते, पण तिथली मैत्रीण म्हणते की ते कामही आता यंत्राकडे चाललं आहे. त्या विचारतात: ‘माझ्या डिग्रीला भविष्य आहे का? दुकान धरू की नोकरी? उद्या माझी जागा यंत्र घेईल अशी धास्ती वाटते.’

* * *

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. यंत्र तुमची कोणती जागा घेणार? काउंटरमागची म्हणत असाल, तर तिथे महिन्यातले सव्वीस-सत्तावीस दिवस तुमची फ्रेम असते. राग मानू नका. हे करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. ‘सर्टिफिकेट लावणं’ हा शब्दप्रयोगच आपल्या धंद्यात रुळला आहे. कुणी भाड्याने लावतं, कुणी नात्यात. ‘मुलगी फार्मसी झालेली हवी’ अशी अट घालणारी स्थळं माझ्या विद्यार्थिनींना येत. त्यात शिक्षणाचं कौतुक किती आणि परवान्याची सोय किती, हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती.

मी सरकारी रुग्णालयांच्या औषधाच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली आणि पुढे डी.फार्म.च्या मुलांना शिकवलं. त्यामुळे मी लिहिते आहे ते धंद्याच्या आत राहून. आत असलेल्यांना एक गोष्ट आठवत असते: आमची जागा यंत्राने याआधीच एकदा घेतली आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला खोकल्याचं मिक्श्चर आम्ही ढवळून बाटलीत भरायचो आणि बाटलीच्या अंगाला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. मलम दगडी खलात घोटायचं, पावडरच्या पुड्या बांधायच्या. मग सगळं कारखान्यातून पट्टीत, बाटलीत, ट्यूबमध्ये तयार येऊ लागलं. कंपाउंडर हा शब्द उरला, पण कंपाउंड करायला काही उरलं नाही. बरं झालं, खरं सांगते. कारखान्यातला डोस माझ्या हातच्या डोसापेक्षा नेमका होता. पण हात मोकळे झाल्यावर त्या हातांनी काय करायचं हे आम्ही कुणी ठरवलंच नाही. फळीवरून डबा काढून देणं एवढंच काम शिल्लक राहिलं, आणि तेवढ्याला डिग्री कशाला, दहावीचा मुलगाही ते करतो. तुमची फ्रेम भिंतीवर गेली ती तिथून.

आता कायद्याचं बोलते, कारण दुकान की नोकरी हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका मोकळा नाही. १९४८च्या फार्मसी ॲक्टचं ४२वं कलम आणि १९४५चे औषध नियम यांचा अर्थ सरळ आहे: चिठ्ठीचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं पाहिजे. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाया झाल्या होत्या आणि दुकानदारांनी संपाचं हत्यार उपसलं होतं, हे तुमच्या सासऱ्यांना आठवत असेल. तुम्ही पुण्याला नोकरी धरलीत तर परवान्यावरून तुमचं नाव काढून दुसरा फार्मासिस्ट नेमावाच लागेल. नोकरी पुण्यात आणि सर्टिफिकेट गावात, असं ‘चालतं की’ म्हणणारे दहा जण भेटतील, पण तपासणीला साहेब आला की त्या दहांतला एकही शेजारी उभा राहत नाही. आणि नोकरी धरली नाहीत तरी आजची तुमची स्थिती तीच आहे. चुकीचं औषध गेलं, तर पहिला प्रश्न परवान्यावरच्या नावाला विचारतात. दुकानाच्या भागीदारीत तुमचं नाव आहे का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसावं, असा माझा अंदाज. त्याकडे शेवटी येते.

आधी त्या ॲपकडे बघू, कारण घरातलं निम्मं भांडण त्याच्यावरून आहे.

‘ॲपवाले वीस टक्के सूट देतात, आम्ही कुठून द्यायची?’ हा नवऱ्याचा सवाल रास्त आहे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के, बाकीच्यांवर साधारण २० टक्के सुटतात. त्यातून भाडं, वीज, पोरांचा पगार, फुटतूट. वीस टक्के सूट द्यायची म्हणजे दुकान फुकट चालवायचं. ॲपवाल्यांनी ती दिली ती गुंतवणूकदारांच्या पैशातून, आणि तो झरा काही बारमाही नाही. २०२३मध्ये फार्मईझी या ॲपला आधीच्या मानाने जवळपास ९० टक्के कमी मोलाने शेअर देऊन पैसा उभा करावा लागला. पण म्हणून ‘आज ना उद्या ॲप बुडतील’ या आशेवर बसू नका. नेटमेड्स २०२०मध्ये रिलायन्सने घेतलं, वनएमजी २०२१मध्ये टाटांनी. हे लोक थांबू शकतात, तुम्ही नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने २०१५, २०१७ आणि २०१८ साली देशभर बंद पाळले. सरकारने ऑगस्ट २०१८मध्ये ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला आणि तो मसुदाच राहिला. दरम्यान मार्च २०२०च्या टाळेबंदीत औषधं घरपोच द्यायला परवानगी मिळाली आणि लोकांना दाराशी औषध घ्यायची सवय लागली. ती आता जाणार नाही.

शिवाय, गिऱ्हाईक फक्त सवलतीसाठी तिकडे जातं हे मला पटत नाही. तुमच्या दुकानासमोर संध्याकाळी सातला उभ्या राहा. पाच-सहा जण काउंटरला खेटून उभे, मागून एक जण मान पुढे करून चिठ्ठी वाचतोय आणि पोरगा वरच्या फळीकडे बघत ओरडतोय, ‘डिप्रेशनची ती पट्टी संपली का रे?’ गावात एक शिक्षिका मानसोपचाराच्या गोळ्या घेते, एखादा तरुण लैंगिक आजाराच्या. नवीन लग्न झालेली मुलगी गर्भनिरोधक मागायला येते, तेव्हा काउंटरवर तिच्या सासऱ्यांचे मित्र पेपर वाचत बसलेले असतात. या सगळ्यांना ॲपने सवलतीहून मोठी गोष्ट दिली आहे, ती म्हणजे मुकाट्याने औषध घ्यायची सोय. आपण पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो आणि समजतो की खाजगीपणा राखला! ती काळी पिशवी तर लांबूनही ओळखू येते. काउंटरच्या एका टोकाला हातभर रुंदीची आडोशाची जागा, दोन स्टुलं आणि ‘चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवा, औषध बांधून ठेवू’ अशी पाटी, एवढ्याने ॲपच्या त्या फायद्यातला बराचसा तुमच्याकडे येतो. याला आठ लाख लागत नाहीत.

आता ज्या कामाला डिग्री लागते त्याकडे येते. तीन-चार प्रसंग सांगते. माझ्या खिडकीवर हे पुन्हा पुन्हा घडले आहेत आणि तुमच्या दुकानातही घडत असणार. कुणी बघितलेलं नाही, इतकंच.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक करून मिलीला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या, लाल टोपणाची ४०साठी आणि नारिंगी टोपणाची १००साठी. ४०च्या व्हायलमधून कुणी नारिंगी सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर पोटात आठच युनिट जातात. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, घरचे म्हणतात आजी चोरून गोड खाते. उलट १००चं औषध लाल सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत घेतलं तर जातात ५० युनिट, आणि माणूस पहाटे बेशुद्ध सापडतो. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, सिरिंज मात्र ‘नारिंगी होती, तीच दिली’.

दम्याच्या कॅप्सुली यंत्रात फोडून श्वासाबरोबर ओढायच्या असतात. एक आजोबा त्या महिनाभर पाण्याबरोबर गिळत होते. विचारलं तर म्हणाले, ‘गोळी दिली, गोळी खाल्ली.’ त्यांचं काय चुकलं? संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, ते चुकून रोज घेतल्याने जगभर माणसं दगावली आहेत. पट्टी देताना ‘सोमवारी, फक्त सोमवारी’ असं बोलून, वार लिहून, समोरच्याकडून वदवून घेणं एवढाच त्यावर इलाज. आणि आपल्याकडे सर्रास दिसणारा घोळ म्हणजे तेच औषध दोन नावांनी. शहरातल्या रुग्णालयातून सुट्टी होताना बीपीवरच्या ॲम्लोडिपिनचा एक ब्रँड लिहून दिलेला, गावातले डॉक्टर दुसरा ब्रँड देत होतेच. पेशंट दोन्ही घेतो. पाय सुजतात, उठलं की चक्कर येते. तो तिसऱ्या डॉक्टरकडे जातो, ते सूज उतरायची गोळी देतात. तुमच्याकडे आता तीन पट्ट्यांचं गिऱ्हाईक झालं!

या चारांतला शेवटचा घोळ संगणक तुमच्याआधी पकडेल, दोन्ही बिलं तुमच्याच दुकानातली असली तर. सॉफ्टवेअरमध्ये औषधाचा मूळ घटक भरलेला असतो, लाल खूण येते. मेथोट्रेक्सेटचा इशाराही येईल. सिरिंजचं टोपण आणि आजोबांचं गिळणं मात्र तुम्ही ‘कसं घेता ते दाखवा’ म्हटल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. म्हणजे मला यंत्र नको आहे असं नाही. खूण यंत्राने दाखवावी आणि प्रश्न तुम्ही विचारावा, अशी वाटणी मला दिसते. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमावलीतही पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

तुमचे यजमान ‘हायटेक’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय आहे, हे त्यांना एकदा नीट विचारा. बहुधा एखाद्या व्हिडिओतला जर्मन रोबो असेल. तो खरा आहे. काचेच्या खोलीत डबे रचलेले असतात आणि यांत्रिक हात बारकोड वाचून डबा काढून देतो. जर्मनीत जानेवारी २०२४पासून सरकारी विम्यातल्या पेशंटची चिठ्ठीही डॉक्टरांना डिजिटलच द्यावी लागते. पेशंट विम्याचं कार्ड घेऊन येतो आणि दुकानदाराला चिठ्ठी पडद्यावर दिसते. तिथे तो रोबो शोभतो. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, ‘चारच गोळ्या द्या, बरं वाटलं तर परत येतो.’ रोबो डबा उचलतो, कात्रीने पट्टी कापत नाही. (पट्टी कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानात राहील अशी कापा. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या तुकड्यावर ते नसेल तर बिलावर आलंच पाहिजे. हे पोरांना आजच सांगा.)

मला त्याच सुमाराची इंग्लंडमधली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ३१ जानेवारी २०२४पासून तिथे घसादुखी, नागीण, बायकांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात दुखण्यांसाठी लोक डॉक्टरकडे न जाता थेट फार्मासिस्टकडे जाऊ शकतात. फार्मासिस्ट ठरलेल्या चौकटीत औषध देतो, आणि त्या तपासणीबद्दल सरकारने सुरुवातीला दर खेपेला १५ पौंड ठरवले होते. नीट वाचा, पैसे डब्यावरच्या टक्क्यांचे नाहीत, विचारपूस करण्याचे आहेत. आपल्याकडे असं काही नाही, आणि तुम्ही उद्या ॲन्टिबायोटिक आपल्या मनाने द्यायला लागाल तर तो गुन्हा ठरेल. पण तिथे वारं कोणत्या दिशेने वाहतंय ते बघा. डबे यंत्राकडे जात आहेत आणि विचारपूस माणसाकडे येते आहे.

मग आठ लाखांचं काय? माझं मत, कर्ज नको. निदान यंदा नको. तुमच्या आकाराच्या दुकानाला लागतं ते काही हजारांत येतं.

बिलिंगचं चांगलं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात बॅच नंबर, एक्स्पायरी, पेशंटचं नाव आणि मोबाइल भरल्याशिवाय बिल निघणार नाही अशी शिस्त लावा. सासऱ्यांना हे जड जाईल. त्यांना छिंदवाड्याची गोष्ट सांगा. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने मध्य प्रदेशात लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. अनेक लेकरांना नागपूरला हलवावं लागलं आणि वीसहून अधिक दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, ४८.६ टक्के. दोष असलेल्या बॅचचा नंबर होता एसआर-१३, आणि आपल्याकडेही एफडीएने ती बॅच विकू-वापरू नका म्हणून बजावलं. अशा दिवशी ‘आपण ती बाटली कुणाला दिली?’ हा प्रश्न वहीला विचारून पाहा. वहीत ‘खोकला औषध १’ असेल. सॉफ्टवेअर नावं आणि फोन नंबर पाच मिनिटांत काढून देतं. रात्री नऊला त्या आयांना फोन करायचा, ‘ताई, ती बाटली देऊ नका, परत आणा.’ भविष्यातलं औषध-दुकान म्हणून काही असेल, तर माझ्या मते तो हा फोन आहे.

पण सासऱ्यांची वही रद्दीत टाकू नका. कुणाच्या आईला सल्फाचं वावडं आहे, कुणाचा मुलगा दुबईहून पैसे पाठवतो तेव्हाच औषध नेलं जातं, कोण बिडी सोडली म्हणतो आणि दम्याचं औषध दुपटीने नेतो, हे त्यांच्या वहीत आणि डोक्यात आहे. कोणत्याही ॲपकडे ते नाही. रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याजवळ बसून महिन्याच्या शंभर पेशंटची माहिती सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्या. कुणाची तीस दिवसांची पट्टी कधी संपते हे त्यातून आपोआप समोर येईल. दोन दिवस आधी तुमचा मेसेज गेला आणि पोरगा सायकलवरून औषध देऊन आला, तर त्यातल्या बऱ्याच जणांना ॲप उघडायची गरज उरणार नाही. म्हाताऱ्यांना पाच टक्के सूट द्या, वीस नको. शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतल्या औषधांची नोंद, म्हणजे डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती दिलं, ही २०१४पासून ठेवावीच लागते आणि तीन वर्षं जपावी लागते. ती आज कोण भरतं, कधी भरतं, हे मी विचारत नाही.

फ्रिज बघा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. त्यात सासऱ्यांचं ताक असेल तर आधी ते बाहेर काढा. कमाल-किमान तापमान नोंदणारा थर्मामीटर आत ठेवा आणि वीज गेल्यावर फ्रिज चालेल असा इन्व्हर्टर बसवा. ॲपवरून मागवलेलं इन्सुलिन मे महिन्यात गाडीवर किती वेळ फिरलं, हे कुणी सांगू शकत नाही. तुम्ही तुमच्या फ्रिजचं सांगू शकलात, तर तो तुमचा खरा माल.

ऑगस्ट २०२३पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. बॅच, एक्स्पायरी, कंपनी, परवाना क्रमांक सगळं त्यात असतं. माल उतरवताना स्कॅन करायची सवय लावा. कोड छापील असतो आणि छापील गोष्टीची नक्कल होते, एवढं लक्षात ठेवून करा. डिजिटल आरोग्य मिशन २०२१ साली सुरू झालं, आरोग्याच्या नोंदींसाठीचा चौदा आकडी आभा क्रमांक पुष्कळांकडे आहे. चिठ्ठी त्यावरून येऊ लागेल तेव्हा येईल. तुमच्याकडे ती अजून डॉक्टरांच्या हस्ताक्षरात येते, म्हणून फोटो काढणाऱ्या तुमच्या पोरांबद्दल बोलते.

मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे. जुन्या चिठ्ठ्या घरी आहेत, त्या फोनला वाचायला दिल्या. बऱ्याच त्याने माझ्याआधी वाचल्या. काही चुकवल्या, आणि चुकवताना आवाज तितकाच ठाम! आमच्या काळचा नवखा पोरगा अक्षर लागलं नाही तर निदान डोकं खाजवायचा. औषधांची नावं एकमेकांसारखी असतात, एक-दोन अक्षरांच्या फरकाने भलत्याच दुखण्याची गोळी हाती पडते. म्हणून नियम असा करा: फोनने सुचवलेलं नाव हा फक्त अंदाज. तो दुखण्याशी जुळतो का, डोस जुळतो का, हे तुम्ही बघायचं, पेशंटला ‘कशासाठी गेला होता’ विचारायचं, आणि तरी शंका राहिली तर डॉक्टरांना फोन. तालुक्यातल्या डॉक्टरांचे नंबर काउंटरला चिकटवून ठेवा. फोटोत पेशंटचं नाव आणि नंबर येऊ देऊ नका. आणि तुम्ही दुकानात नसाल तेव्हा फोनला विचारून औषध देणं बंद. या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

पुण्याची नोकरी. मैत्रीण खोटं सांगत नाही. दुष्परिणामांचे अहवाल वाचून ठरावीक रकान्यांत भरणं, एकच अहवाल दोनदा आला आहे का बघणं, हे काम सॉफ्टवेअर आधी शिकतं, आणि नवख्यांना सुरुवातीला तेच देतात. पण त्या दोन वर्षांत औषधाकडे संशयाने बघायची जी नजर तयार होते, ती वाया जात नाही. तुम्हाला गाव सोडायचंच असेल, मुलांच्या शाळेसाठी, स्वतःसाठी किंवा नुसतं मोकळं वाटावं म्हणून, तर जा. एआयचं कारण पुढे करून थांबू नका. मुलाखतीत मात्र विचारा: पहिली दोन वर्षं मी नेमकं काय करणार, आणि अहवालांच्या वैद्यकीय तपासणीच्या कामात मला कधी बसवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. आणि जाण्याआधी परवान्यावरचं नाव बदलून घ्या, जाऊन आल्यावर नाही.

गावात राहिलात तरी ते काम काही अंशी करता येतं, हे फार कमी जणांना माहीत आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत देशभर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते, २०११पासून. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क नंबर. फार्मासिस्टही कळवू शकतो, पेशंटही. एखाद्या गोळीने अंगावर चट्टे उठले असं कुणी सांगत आलं, की ‘ती बंद करा, दुसरी देतो’ म्हणून विषय संपतो. त्याऐवजी डॉक्टरांना कळवा आणि नोंद करा.

तुम्ही काय करावं? मला विचाराल तर आधी तीन महिने दुकानात बसा. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, पांढरा कोट घालून. तुम्ही नसाल त्या वेळेत चिठ्ठीचं औषध दिलं जाणार नाही, अशी पाटी लावा, किंवा त्या वेळेसाठी दुसरा फार्मासिस्ट नेमा. पहिले आठ दिवस लोक सासऱ्यांबद्दल ‘अण्णा नाहीत का?’ विचारतील, बायका आधी येतील, पुरुष नंतर. एक वही करा, हो, वहीच. त्यात रोज लिहा: किती जणांना समजावलं, किती चुका पकडल्या, किती डॉक्टरांना फोन केले, ॲपवर गेलेलं कोण परत आलं. तीन महिन्यांनी दुकान की पुणे हे त्या वहीवरून ठरवा. आज तुम्ही ठरवाल ते ऐकीव भीतीवरून ठरवाल.

आणि पैशाचं. ‘घरचंच तर आहे, पगार कसला मागायचा,’ असं तुम्ही कंसात लिहिलं आहे. तो कंस मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर वाटला. बाहेरचा फार्मासिस्ट नेमला असता तर त्याला महिन्याला द्यावे लागले असते तेवढे पैसे तुमच्या खात्यात, ठरल्या तारखेला. नाहीतर भागीदारीच्या कागदावर नाव. दोन्हींतलं एक. परवान्याची जबाबदारी तुमची आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे, ही मांडणी सासऱ्यांनाही मनातून बरोबर वाटत नसेल, कुणी बोललं नाही म्हणून चालून गेली. हे बोलणं यजमानांशी एकट्याने करा, रात्री जेवणं झाल्यावर, आणि काउंटरवर बसायला लागण्याच्या आधी. बसायला लागल्यावर ते होत नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या कितीतरी मुलींनी मला तसं येऊन सांगितलं आहे.